गाडी पुन्हा पुन्हा तापते? आधी हे सांगा: उभ्यात का चालत्यात?

दोन उन्हाळे मी रस्ता कमी आणि टेंपरेचरचा काटा जास्त बघत गाडी चालवली. गाडी जुनी, डिझेल, सात सीटर, सेकंडहँड घेतलेली. गाव अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात, म्हणजे अस्सल खारपाणपट्ट्यात. घरचं सगळं हिच्याच भरवशावर: बियाण्याच्या थैल्या, आईचा दवाखाना, परतवाड्याची सासुरवाडी. आणि एप्रिल लागला की हिला ताप.

या दोन वर्षांत गाडीचं काय काय बदललं? थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) काढून फेकला. रेडिएटरचं झाकण बदललं. वॉटर बॉडी (पाणी फिरवणारा पंप) नवी टाकली, होस पाईप नवे टाकले, रेडिएटर दोनदा धुतला. दर वेळी गाडी महिना-दीड महिना शहाण्यासारखी चालायची आणि मग एखाद्या दुपारी काटा पुन्हा वर. नवा मिस्त्री आधीच्या मिस्त्रीला शिव्या द्यायचा, एक पार्ट बदलायचा, आणि मी पैसे मोजून घरी यायचो.

शेवटी अंजनगाव रोडला लिंबाच्या झाडाखाली बसणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. सगळे त्याला चाचा म्हणतात. त्याने बोनेट उघडलंच नाही. बिडी विझवली आणि विचारलं, "उभ्यात तापते का चालत्यात?"

"म्हणजे?"

"म्हणजे बाजारात, भीडमधी उभी असली का तापते, का रोडवर पयता पयता तापते?"

मला पटकन सांगताच आलं नाही. दोन वर्षं काटा बघत होतो, पण हे कधी बघितलं नव्हतं.

तुमची गाडी वारंवार तापत असेल तर पार्ट बदलायच्या आधी आठ दिवस फक्त एवढंच टिपा. काटा वर गेला तेव्हा गाडी उभी होती का धावत होती, एसी चालू होता का, चढ होता का, किती माणसं होती. अर्धं निदान त्यातच होतं.

उभ्यात तापत असेल तर

गाडी धावते तेव्हा समोरचा वारा रेडिएटर थंड करतो, फॅनची फारशी गरज लागत नाही. उभी राहिली की सगळा भार फॅनवर. म्हणून उभ्यात तापणारी आणि हायवेला लागली की आपोआप शांत होणारी गाडी बहुतेक वेळा फॅनची तक्रार करत असते.

फॅन इलेक्ट्रिक असेल तर इंजिन चालू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसी लावला की थोड्याच वेळात फॅन फिरायला लागतो. एसीवर फिरला, पण एसी बंद असताना काटा वर जाऊनही फिरत नाही, तर मोटर चांगली आहे, सेन्सर किंवा त्याची वायर बघा. एसीवरही फिरत नसेल तर फ्यूज, रिले (फॅनला वीज देणारा छोटा स्विच), मग मोटर, या क्रमाने. आधी स्वस्तातलं बघायचं. आणि एक लक्षात ठेवा, गरम गाडीचा इलेक्ट्रिक फॅन चावी बंद असतानाही अचानक फिरू शकतो. बोटं, गमछा, ओढणी लांब.

बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांना बेल्टवरचा फॅन असतो, त्यात व्हिस्कस क्लच (तापल्यावर आतल्या तेलाच्या जोरावर फॅन पकडणारा भाग). इंजिन बंद करून हाताने फिरवून बघा. इंजिन चांगलं तापलेलं असतानाही फॅन एका झटक्यात दोन-चार गिरक्या घेत असेल, तर क्लचमधलं सिलिकॉन तेल गेलं. तापलेल्या इंजिनात तो जड लागायला पाहिजे आणि गाडी चालू असताना त्याचा घरघराट ऐकू यायला पाहिजे.

आपल्याकडचा खास आजार: कुटार आणि कापूस

हे कोणत्याही मॅन्युअलमध्ये सापडणार नाही. सोयाबीन निघतं तेव्हा शेताशेतात थ्रेशर लागलेले असतात आणि धुऱ्यावरच्या रस्त्यावरून जाताना कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, उडतं. त्यानंतर कापसाचा सीझन. जिनिंगकडे निघालेल्या भरगच्च गाडीमागे पाच किलोमीटर गेलात तरी रुईचे तंतू समोरच्या जाळीत शिरतात. समोर एसीचा कंडेन्सर, त्याच्या मागे रेडिएटर, मधे दोन बोटांची फट. कुटार त्या फटीत जाऊन बसतं, वरून कापूस, वरून धूळ, आणि पहिल्या पावसाच्या चिखलाने त्याचा पक्का नमदा होतो. समोरून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते.

तपासायचं कसं? संध्याकाळी, गाडी थंड असताना, इंजिनच्या बाजूने रेडिएटरच्या मागे मोबाईलचा टॉर्च धरा आणि दुसऱ्याला समोरून बघायला सांगा. उजेडाचे बारीक ठिपके सगळीकडे दिसले पाहिजेत. जिथे काळोख, तिथे हवा जात नाही.

वॉशिंग सेंटरला गेलात तर पोट्टा समोरून प्रेशर मारतो. त्याने होतं काय, कचरा आणखी आत ठोकला जातो आणि ॲल्युमिनियमच्या नाजूक पट्ट्या वाकतात. पाणी इंजिनच्या बाजूकडून समोर मारायचं, बागेच्या पाइपाने, साध्या दाबाने. फटीतला नमदा निघत नसेल तर वरचे बोल्ट काढून रेडिएटर थोडा मागे झुकवावा लागतो. तासभराचं काम आहे. मी आता दिवाळीनंतर एकदा आणि होळीला एकदा करतो.

चालत्यात तापत असेल तर

माझी गाडी इथे बसत होती. गावात, बाजारात काही नाही. पण अकोला–अमरावती हायवेवर, २०२२ च्या जूनमध्ये सलग डांबरीकरणाचा विश्वविक्रम झाला तोच रस्ता, मूर्तिजापूर सोडून नव्वदच्या पुढे गेलं आणि एसी लावलेला असला की दहा मिनिटांत काटा उचलायचा. आणि चिखलदऱ्याच्या घाटात तर दर वळणावर.

वेगात आणि चढावर वारा भरपूर असतो किंवा फॅन जोरात असतो, पण इंजिन जास्त उष्णता तयार करतं. ती उष्णता रेडिएटरपर्यंत पोचत नाही किंवा रेडिएटरमधून बाहेर पडत नाही, म्हणून काटा चढतो. म्हणजे दोष पाण्याच्या फिरण्यात: थर्मोस्टॅट, वॉटर बॉडी, रेडिएटरच्या नळ्या, किंवा पाणीच कमी.

गाडी चांगली तापल्यावर, फॅनपासून हात सांभाळून, वरचा होस पाईप आणि खालचा होस पाईप चाचपून बघा. वरचा चटका देतोय आणि खालचा जवळजवळ थंड, तर थर्मोस्टॅट उघडत नाही किंवा रेडिएटर आतून बुजला. गाडी थंड झाल्यावर रेडिएटरच्या अंगावरून हात फिरवण्यापेक्षा गरम असतानाच इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजलं तर जास्त कळतं. काही गॅरेजवाल्यांकडे तो असतो. मधेच थंड पट्टे सापडले तर त्या नळ्यांतून पाणी जात नाही.

थर्मोस्टॅट घरी तपासता येतो. मी आमच्या चहाच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, तपासला. (गंज आता गॅरेजचा झाला, घरी नवा आणावा लागला.) थर्मोस्टॅट सुतळीने बांधून पाण्यात लोंबकळत ठेवायचा, तळाला टेकू द्यायचा नाही. त्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो, त्या तापमानाला तो उघडायला लागतो. थर्मामीटर नसला तरी चालतं: पाणी खळखळ उकळलं तरी तो बंदच, तर मेला. बाहेर काढल्यावर हळूहळू मिटलाही पाहिजे. अर्धवट उघडा अडकलेला थर्मोस्टॅटही बदलायचाच.

आणि आता तो सल्ला, जो मला तीन जणांनी दिला: "आपल्या गरमीत थर्मोस्टॅट लागतेच कशाले? काढून टाका." मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा हे ऐकायला फार पटतं. पण बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना दुसरं एक काम करतो, बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा, आणि गरम पाण्याचा बराच भाग रेडिएटरकडे न जाता इंजिनातच गोल गोल फिरतो. भर उन्हाळ्यात गाडी जास्त तापते आणि डिसेंबरात सकाळी तापतच नाही, डिझेल जास्त पिते. माझ्या गाडीत हेच दोन्ही झालं.

झाकण

त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तो दाबाचा. त्या दाबाखाली आतलं पाणी १०० ला उकळत नाही, १२० अंशांच्या आसपास उकळतं. रबर कडक झालं, स्प्रिंग ढिली पडली की तो दाब राहत नाही आणि पाणी उकळून रेडिएटरला जोडलेल्या जादा पाण्याच्या बाटलीत ढकललं जातं. खूण अशी: बाटली भरून वाहते, पण रेडिएटर मात्र रिकामा. झाकणात दुसरा छोटा व्हॉल्व्ह असतो, गाडी थंड होताना बाटलीतलं पाणी परत आत घेणारा. तो अडकला तर सकाळी होस पाईप चपटा झालेला दिसतो. जो आकडा कंपनीने दिला तोच घ्या. जास्त आकड्याचं झाकण लावलं की गाडी कमी तापेल अशी एक समजूत आहे. त्याने फक्त जुने पाईप फाटतात.

गरम गाडीचं झाकण उघडू नका हे सगळ्यांना माहीत असतं, तरी दर उन्हाळ्यात कुणाचा तरी हात भाजतो. दाब गेला की ११० अंशांचं पाणी त्याच क्षणी वाफ होऊन वर येतं. गमछा टाकून उघडलं तरी वाफ गमछ्यातून आरपार येते. अर्धा-पाऊण तास थांबा.

"पाणी कोणतं टाकता जी?"

चाचाने हा दुसरा प्रश्न विचारला.

मी म्हटलं, "बोअरचं. दुसरं कुठून आणणार?"

"आपल्या इकडल्या बोअरचं?" तो हसला. "बाप्पा! जे पाणी ढोर तोंडी लावत नाही, ते गाडीले पाजून राह्यले."

पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा अकोला, अमरावती, बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरला आहे. जमिनीखालचं पाणी खारट. म्हणून तर प्यायला शहानूर, वान अशा धरणांवरून पाणी आणावं लागलं. पण नळ येतो ठरावीक वेळी, आणि गॅरेजमध्ये बादली भरायला असतं बोअरच.

चाचाने रेडिएटर खाली काढला. वर प्लॅस्टिकची टाकी, तिच्या कडेला ॲल्युमिनियमचे दात दुमडलेले. स्क्रूड्रायव्हरने एकेक दात उचकटला आणि टाकी वेगळी केली. आत नळ्यांची तोंडं रांगेत दिसायला हवी होती. तिथे होतं चुनाळूच्या काठावर सुकलेल्या चुन्यासारखं काहीतरी, कुठे पांढरं, कुठे तपकिरी. त्याने लोट्याने वरून पाणी ओतलं. खालून पाणी फक्त मधल्या भागातून आलं, तेही धार नव्हे, ठिबक. दोन्ही कडांच्या नळ्या कोरड्या.

"आता सांगा," तो म्हणाला, "याच्यात थर्मोस्टॅट बिचारा काय करन?"

मग मला दोन वर्षांचा हिशोब लागला. ही गाडी आठ-नऊ लिटर पाणी घेते. थर्मोस्टॅट काढताना ते सगळं सांडलं आणि परत बोअरचं भरलं. वॉटर बॉडी बदलताना पुन्हा. होस पाईप बदलताना पुन्हा. प्रत्येक दुरुस्तीने आत क्षारांचा नवा डोस गेला. शिवाय झाकण बदलेपर्यंत पाणी वाफ होऊन जायचं, क्षार मात्र मागेच राहायचे, आणि मी वरून आणखी बोअरचं पाणी टाकायचो. न्हाणीतल्या बंबात खार बसतो ना, तसाच. तोही जिथे सर्वांत गरम, तिथे सर्वांत आधी, म्हणजे इंजिनात हेडच्या (इंजिनच्या वरच्या भागाच्या) भोवती. खाराचा थर उष्णता जाऊ देत नाही. शिवाय खारट पाण्यातलं क्लोराईड ॲल्युमिनियम खातं ते वेगळंच. नवा पार्ट बसला की महिनाभर बरं वाटायचं, कारण पाणी पूर्ण भरलेलं असायचं. रोग वाढतच होता, आणि मी पैसे देऊन वाढवत होतो.

तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर असेल तर त्याला रॉड मारून नळ्या मोकळ्या करता येतात, अजून तसे कारागीर आहेत. ॲल्युमिनियमचा इतका बुजला असेल तर बदललेला बरा. मी बदलला. इंजिनातला खार काढायला बाजारातलं रेडिएटर फ्लश वापरलं, पाकिटावर लिहिलेला वेळ घड्याळ लावून पाळला, आणि मग डिस्टिल वॉटरने धुऊन काढलं, निघणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत. चार वेळा धुवावं लागलं. जुन्या गाडीत हे करताना एक तयारी ठेवा: काही ठिकाणी खारानेच भोक बुजवलेलं असतं, खार निघाला की गळती सुरू होते. माझी हीटरची एक नळी गळायला लागलीच.

आता आत कूलंट आणि डिस्टिल वॉटर. कूलंटच्या डब्यावर "तयार" लिहिलेलं असेल तर पाणी घालायचं नाही, घट्ट असेल तर पत्रकातल्या प्रमाणात. "आपल्याकडे बर्फ थोडंच पडते?" असं म्हणून लोक कूलंट टाळतात. ते गंजू देत नाही आणि उकळायचं तापमानही थोडं वर नेतं, आपल्याला ते दोन्ही हवं. पण प्रमाण वाढवून जास्त थंडावा मिळत नाही. निव्वळ कूलंट पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं. रंगावर जाऊ नका, हिरवं-लाल हे कंपन्यांनी आपापल्या मनाने ठरवलेलं असतं.

भरल्यावर हवा काढायला विसरू नका. गाडीचं नाक चढावर करा, हीटर फुल गरम, झाकण उघडं, थंड इंजिन चालू करा. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत थोडं थोडं भरत राहा. आत हवा राहिली तर सगळं नवं असूनही गाडी तापते आणि दोष नव्या पार्टवर येतो.

पाणी कमी होतं, पण गळत कुठेच नाही

रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरा. सकाळी डाग नाही, वॉटर बॉडीच्या खालच्या छोट्या भोकाजवळ ओल किंवा पांढरी रेघ नाही, पुढच्या सीटखालचं कार्पेट कोरडं, आणि तरी पाणी जातंय, तर हेड गॅस्केटवर (हेड आणि इंजिनच्या मधल्या सीलवर) संशय घ्या. थंड इंजिन झाकण उघडं ठेवून चालू केलं आणि रेडिएटरमध्ये न थांबणारे बुडबुडे येत राहिले. सकाळी चालू करून दोन मिनिटांतच वरचा होस पाईप दगडासारखा कडक झाला. डिपस्टिकवर ऑईल चहासारखं दुधाळ दिसलं. सायलेन्सरमधून गरम झाल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर आला: यातलं काहीही दिसलं तर गाडी चालवायची थांबवा. इथे घरगुती उपाय नाही. हेड काढलं तर ते बेंड झालंय का हे पट्टी आणि फीलर गेजने मोजूनच गॅस्केट बसवायला सांगा. न मोजता बसवलेली गॅस्केट पुन्हा उडते, आणि मग पुन्हा हाच पाढा.

रस्त्यात काटा चढला तर

एसी बंद. हीटर फुल, ब्लोअर फुल, काचा खाली. नवतपात (मे अखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या दिवसांत) हे करणं म्हणजे शिक्षा आहे, पण हीटर हा छोटा रेडिएटरच असतो. सावली बघून थांबा. वाफ निघत नसेल आणि फॅन फिरत असेल तर मिनिटभर इंजिन चालू राहू द्या. वाफ असेल, फॅन बंद असेल किंवा हीटरमधून थंड हवा येत असेल तर लगेच बंद. थंड हवा म्हणजे आत पाणीच उरलेलं नाही. वर गेलेला काटा अचानक धाडकन खाली आला तर खूश होऊ नका, कदाचित पाणी संपलं असेल आणि सेन्सर कोरडा पडला असेल. तापलेल्या इंजिनवर किंवा इंजिनात गार पाणी कधीच ओतू नका, हेडला तडा जातो. अडचणीत कोणतंही पाणी टाकावं लागलंच तर टाका, इंजिन वाचवा, पण घरी पोचल्यावर ते काढून धुऊन घ्या.

यंदा मेमध्ये सासुरवाडीच्या सात जणांना घेऊन चिखलदऱ्याला गेलो. सगळा घाट काटा मधल्या रेघेवरून हलला नाही. परत येताना परतवाड्याच्या बाजारात अडकलो आणि काटा दोन रेघा वर. पोटात गोळा आला. पण या वेळी तोंडातून आपोआप आलं: उभ्यात! बोनेट उघडलं, मेव्हण्याला एसी लावायला सांगितला, फॅन गप्प. फ्यूज चांगला. डब्यात हॉर्नचा रिले अगदी तसाच, तेवढेच पिन, तेवढेच अँपिअर. तो काढून फॅनच्या जागी खोचला आणि फॅन घरघरला. नवा रिले मिळेपर्यंत गाडी हॉर्नशिवाय. दर्यापूरपर्यंत रस्त्यात म्हशी आल्या की सासरेबुवा खिडकीतून ओरडत होते.